भिंगारची गच्ची, वीस किलोमीटर आणि हरवलेले मेगाबिट

रेडिओच्या सेटिंगच्या पानावर १३० एमबीपीएस दिसतात आणि पलीकडच्या टोकाला लॅपटॉप लावून मोजलं की हातात दहाच पडतात. लांब पल्ल्याची वायरलेस लिंक टाकणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. त्यावर सगळ्यांना आधी सुचतं ते एकच : मोठी डिश आणा, पॉवर वाढवा. पैसे जातात, आकडा तिथंच राहतो. सिग्नल चांगला असूनही वेग मिळत नसेल, तर तो बहुधा वाट पाहण्यात, गोंगाटात किंवा खाली लोंबणाऱ्या एखाद्या वायरीत गेलेला असतो. कुठे किती गेला, हे एकेक करून शोधावं लागतं.

उदाहरणापुरतं नगरजवळचं (आताचं अहिल्यानगर) भिंगार घेऊ. गावातल्या तीन मजली इमारतीपर्यंत फायबर आलंय. तिथून जामखेड रस्त्याच्या बाजूला, हवाई अंतराने २० किलोमीटरवर, शेतात एक दूध संकलन केंद्र आहे आणि तिथे इंटरनेट न्यायचं आहे. दोन्हीकडे ५.८ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ आणि साधारण ६५ सेंटिमीटरची, ३० डीबीआयची डिश. या पट्ट्यासाठी आपल्याकडे वेगळा स्पेक्ट्रम परवाना लागत नाही; ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्‌झच्या भागातले ६०५ मेगाहर्ट्‌झ मोकळे केले. मान्यताप्राप्त उपकरण आणि शक्तीची मर्यादा मात्र पाळावीच लागते. शिवाय भिंगार पडलं कॅन्टोन्मेंटमध्ये. गच्चीवर मनोरा चढवण्याआधी छावणी मंडळाला विचारलेलं बरं, नाहीतर डिश लागायच्या आधी नोटीस लागते.

आता दिशा. भिंगारमधून पूर्वेला पाहिलं की डोंगरावर चांदबीबीचा महाल दिसतो, म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर. ‘तिथे एक डिश लावली की अर्धा तालुका कव्हर’ हे वाक्य नगरमधल्या प्रत्येक नेटवर्कवाल्याने एकदा तरी टाकलेलं असतं. ते संरक्षित स्मारक आहे आणि त्याभोवती १०० मीटरपर्यंत कायद्याने बांधकामाला बंदी आहे, त्यामुळे तो विषय संपतो. पण पाथर्डीच्या बाजूला लिंक न्यायची तर तो डोंगर आडवा येतो हे खरंच. अशा वेळी डोंगरावरच्या एखाद्या खासगी जागेवरून दोन टप्प्यांत जावं लागतं. डिश कितीही मोठी आणली तरी डोंगरापलीकडचं तिला ऐकू येणार नाही.

या वास्तूबद्दल एक गोष्ट सांगतात, की तिला आणखी मजले चढवायचे होते, म्हणजे वरून दौलताबादचा किल्ला दिसला असता. गोष्ट खरी असो वा नसो, हिशोब करण्यासारखा आहे. दोन ठिकाणांत सुमारे १०० किलोमीटर अंतर. रेडिओलहरी वातावरणात किंचित वाकतात, ती सवलत धरूनही १०० किलोमीटरच्या मधोमध पृथ्वीचा फुगवटा १४७ मीटर येतो. आपल्या २० किलोमीटरला तोच सहा मीटर आहे.

सहा मीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्यावर आणखी एक भर आहे. दोन डिशमधून रेडिओलहर दोरीसारखी सरळ जात नाही, मधोमध फुगलेल्या लांबट आकाराची जागा व्यापत जाते. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्‌झला २० किलोमीटरच्या मध्यावर त्याची त्रिज्या १६ मीटर भरते आणि त्यातली निदान ६० टक्के, म्हणजे साडेनऊ-दहा मीटर, मोकळी हवी. फुगवट्याचे सहा त्यात मिळवा. मधल्या झाडाच्या शेंड्यापासून तुमची रेषा सोळा मीटर वर असली पाहिजे. दुर्बिणीतून समोरचं केंद्र दिसतंय म्हणून ‘लाइन क्लिअर आहे’ म्हणणारे इथेच फसतात. मधल्या बांधावरची निलगिरी दोन वर्षांत तीन-चार मीटर वाढली की पहिल्या वर्षी छान चाललेली लिंक तिसऱ्या वर्षी विनाकारण कुरकुरायला लागते.

जागा ठरली की सिग्नल किती यायला हवा, ते कागदावर काढायचं. माझ्या मते हे न करता डिश चढवणं म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय. ५.८ गिगाहर्ट्‌झला २० किलोमीटर मोकळ्या हवेतला ऱ्हास १३४ डेसिबल. पाठवणाऱ्या बाजूची डिशसकट एकूण शक्ती ३६ डीबीएम, म्हणजे ४ वॅट, धरली आणि घेणाऱ्या डिशचे ३० डेसिबल मिळवले, तर ३६ वजा १३४ अधिक ३०, म्हणजे उणे ६८ डीबीएम. जोडण्यांत दोनेक डेसिबल जातील. तेव्हा उणे ६८ ते ७० दिसलं की काम झालं.

यात एक गंमत आहे. ही ३६ डीबीएमची मर्यादा डिशमधून बाहेर पडणाऱ्या एकूण शक्तीवर आहे. म्हणजे ३० डीबीआयची डिश लावली की रेडिओची स्वतःची शक्ती ६ डीबीएमवर आणावी लागते. मग मोठ्या डिशचा फायदा काय? ऐकण्यात. ऐकण्यावर कसलंही बंधन नाही. शिवाय अरुंद झोतामुळे आजूबाजूचा कालवा कमी शिरतो. उलट रेडिओची पॉवर शेवटपर्यंत ताणली की त्याचा ॲम्प्लिफायर लहरींचा आकार बिघडवतो आणि वरच्या वेगांची नाजूक मॉड्युलेशन आधी कोलमडतात. कंपनीच्या माहितीपत्रकात वेग वाढत जातो तशी शक्ती उतरत जाते, ती उगीच नाही.

डिश जुळवताना हाच कागदावरचा आकडा उपयोगी पडतो. या आकाराच्या डिशचा मुख्य झोत पाच-साडेपाच अंशांचा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दुय्यम झोत असतात, १५-२० डेसिबलने अशक्त. हळूहळू फिरवताना सिग्नल वाढतो, कमी होतो, म्हणून वाढला तिथे नट आवळला, आणि नंतर कळतं की आपण दुय्यम झोताच्या शिखरावर बसलोय. उणे ६८ ऐवजी उणे ८५ दिसत असेल, तर आधी हाच संशय घ्यायचा. एका वेळी एकच माणूस हलवणार, दुसरा फोनवर आकडे वाचणार. आधी आडवी दिशा संपूर्ण फिरवून पाहायची, मग उभी. दोन्ही टोकांनी एकदम हात घातला तर संध्याकाळ होते.

आकडे वाचताना दोन चेन वेगळ्या बघा. असे रेडिओ दोन प्रवाह पाठवतात, एक उभ्या ध्रुवीकरणात, एक आडव्या. दोन्ही चेनमध्ये दोन-तीन डेसिबलचा फरक चालतो. आठ-दहाचा फरक असेल तर एका जोडणीत पाणी शिरलंय किंवा डिशचा फीड तिरका बसलाय. अशा वेळी रेडिओ दुसरा प्रवाह सोडून देतो आणि वेग सरळ अर्धा होतो. एकूण सिग्नलचा आकडा मात्र छान दिसत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

सिग्नलइतकाच महत्त्वाचा गोंगाट. चॅनेल २० मेगाहर्ट्‌झचा असेल तर चांगल्या रेडिओचा स्वतःचा गोंगाट उणे ९५ डीबीएमच्या आसपास असतो. ४० केला की उणे ९२, ८० केला की उणे ८९. रुंदी दुप्पट की ३ डेसिबल गोंगाट जास्त. हे झालं निर्मनुष्य माळरानावरचं. भिंगार-नगरच्या गच्च्यांवर केबलवाल्यांच्या डिश एकमेकींकडे तोंड करून उभ्या असतात. तिथे गोंगाट उणे ८५ झाला, तर उणे ६८ चा सिग्नल फक्त १७ डेसिबल वर उरतो. तेवढ्यात १६-क्वाम ही मधली मॉड्युलेशन कशीबशी चालते; ६४-क्वामचा वरचा वेग हवा असेल तर पंचवीसच्या आसपास लागतात.

म्हणून रुंद चॅनेल म्हणजे जास्त वेग हे समीकरण शहराजवळ उलटं पडू शकतं. दोन प्रवाहांच्या ८०२.११एन रेडिओवर स्वच्छ २० मेगाहर्ट्‌झमध्ये ६४-क्वाम मिळालं तर १३० एमबीपीएस. गोंगाटातल्या ४० मेगाहर्ट्‌झमध्ये रेडिओ १६-क्वामच्या खालच्या पायरीवर उतरला तर १०८. वर पाकिटं गळण्याची कटकट वेगळीच. स्कॅन करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते : गोंगाट घेणाऱ्या टोकाला मोजायचा असतो. शेतातल्या केंद्रावर सगळं शांत आहे म्हणून चॅनेल निवडला, तर केंद्राकडून भिंगारला येणारा डेटा भिंगारच्या गर्दीत बुडतो. दोन्हीकडे स्कॅन करा, शक्यतो संध्याकाळी, जेव्हा सगळा गाव मोबाइलवर असतो.

इथपर्यंत सगळं जमलं, पडद्यावर १३० आले, तरी हातात दहा. आता मुख्य प्रकरण.

वायफाय जवळच्या अंतरासाठी जन्मलं. त्यात प्रत्येक पाकीट पाठवलं की समोरून ‘मिळालं’ असा छोटा संदेश यावा लागतो. जुन्या रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीसारखा हा प्रकार : पावती आली तरच पुढचं पाकीट, ठरलेल्या वेळात नाही आली तर तेच पुन्हा पाठवायचं. घरात अंतर दहा मीटर, त्यामुळे पावती जवळजवळ लगेच येते आणि वाट पाहण्याची मुदत काही डझन मायक्रोसेकंदांचीच ठेवलेली असते. पण प्रकाशाच्या वेगानेही २० किलोमीटर जायला ६७ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन-येऊन १३३. भिंगारच्या रेडिओने पाकीट पाठवलं, केंद्राला ते नीट मिळालं, त्याने पावती धाडली, आणि ती वाटेत असतानाच भिंगारचा रेडिओ ‘हरवलं’ म्हणून तेच पाकीट पुन्हा पाठवतो. पुन्हा हरवलं. मग तो घाबरून वेग एकेक पायरी खाली आणतो. सिग्नल उत्तम, वेग कासवाचा. सेटिंगमध्ये ‘डिस्टन्स’ किंवा ‘एसीके टाइमआउट’ नावाचा आकडा असतो तो याचसाठी. त्यात खऱ्या अंतरापेक्षा थोडं जास्त, इथे २१-२२ किलोमीटर, भरा. काही रेडिओ स्वतः मोजतात. लांब पल्ल्यावर त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नये.

एवढ्याने पुनरावृत्ती थांबते, वाट पाहणं थांबत नाही. जुन्या ५४ एमबीपीएसच्या रेडिओवर १५०० बाइटचं एक पाकीट हवेत साधारण २४८ मायक्रोसेकंद असतं. त्याच्या आधीची शिस्तीची थांबण्याची वेळ आणि नंतरची पावती मिळून घरात एका पाकिटाला ३९३ मायक्रोसेकंद लागतात; म्हणजे ५४ चे झाले ३०. हे जवळच्या अंतराचं. आता जाण्यायेण्याचे १३३ मिळवा : ३० चे २३. पण गोष्ट इथे थांबत नाही. बोलण्याआधी रेडिओ ऐकतो, कुणी बोलत नाही ना, आणि मग ९ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत काही काळ थांबून बोलतो. पलीकडचा आवाज पोचायला ६७ मायक्रोसेकंद लागत असतील तर ९ चा तुकडा निरर्थक. दोघंही एकाच वेळी बोलतील आणि टक्कर होईल. म्हणून हा तुकडाही ७६ चा करावा लागतो. मग एका पाकिटाला ११६३ मायक्रोसेकंद, आणि २३ चे उरतात दहा. सिग्नल कणभरही कमी झालेला नाही.

नवा, वेगवान रेडिओ आणला तर? १३० एमबीपीएसने तेच पाकीट ९२ मायक्रोसेकंदांत निघतं, पण पावतीची वाट १३३ चीच. पाठवण्यापेक्षा थांबण्यात जास्त वेळ. यावर ८०२.११एनपासून आलेला उपाय म्हणजे अनेक पाकिटं एकत्र बांधून पाठवणं आणि सगळ्यांची मिळून एकच पावती घेणं. ३२ पाकिटं एका गठ्ठ्यात गेली की हवेत जवळजवळ तीन मिलिसेकंद जातात. त्यात १३३ मायक्रोसेकंद साडेचार टक्के. ‘ॲग्रिगेशन’ बंद असलेल्या लिंकवर आधी ते चालू करा, मग बाकीचं बोला.

उरलेला उपाय म्हणजे ऐकून-थांबून बोलण्याची पद्धतच सोडून देणं. दोन्ही टोकं घड्याळ लावून बोलतात : इतके मिलिसेकंद भिंगार, इतके केंद्र. याला टीडीएमए म्हणतात. युबिक्विटीचं एअरमॅक्स, मायक्रोटिकचं एनव्ही२ ही त्याचीच बाजारातली रूपं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी, त्यामुळे दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा रेडिओ लागतो. पाळी लांब ठेवली तर वेग वाढतो आणि पिंगही वाढतो; आखूड ठेवली तर उलट. दूध केंद्राच्या बिलिंगला पाच मिलिसेकंदांनी काही होत नाही, तेव्हा तिथे वेगाच्या बाजूने झुकावं.

ही विद्या बाजारात येण्याआधी आपल्याकडेच बरीच घासली गेली. आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांमध्ये साध्या वायफाय रेडिओंनी लांब पल्ल्याच्या लिंक उभ्या केल्या आणि २००५ मध्ये ‘टूपी’ नावाची रीत मांडली. पुढे दोघंही आयआयटी मुंबईत आले. एका मनोऱ्यावर तीन-चार दिशांच्या डिश असतील तर एक बोलत असताना शेजारची बहिरी होते. म्हणून मनोऱ्यावरचे सगळे रेडिओ एकदम बोलतील आणि एकदम ऐकतील, असा तो तोडगा. भिंगारच्या गच्चीवरून उद्या चार केंद्रांना लिंक द्यायची झाली तर हाच प्रश्न दारात उभा राहील. बर्कले विद्यापीठाच्या गटाने तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयासाठी २००७ च्या सुमारास असंच काम केलं. डॉक्टर थेनीत आणि रोगी गावातल्या केंद्रात, मध्ये व्हिडिओ. तिथे वायफायची मूळ रीत बदलून वेग दोन ते पाच पट झाला. २००७ मध्येच व्हेनेझुएलात एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी ३८२ किलोमीटरची लिंक जोडली आणि याच गटाच्या बदललेल्या सॉफ्टवेअरवर प्रत्येक दिशेला सुमारे ३ एमबीपीएस मिळवले. एक टोक चार हजार मीटरपेक्षा उंच शिखरावर होतं म्हणून ते जमलं. पाकीट जाऊन पावती यायला अडीच मिलिसेकंद लागत होते. महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या पट्ट्यातून आणि पुढे ५.८ गिगाहर्ट्‌झवरून गावं जोडली. २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. टीव्हीचा ४७०-५९० मेगाहर्ट्‌झचा पट्टा झाडीतून बराच पार होतो. नगरच्या उघड्या माळावर त्याची तेवढी गरज पडत नाही.

एवढं सगळं झालं आणि वेग ९४ एमबीपीएसवर येऊन घट्ट अडला. ९४ हा आकडा दिसला की रेडिओकडे बघूसुद्धा नका. स्वस्त रेडिओंचा इथरनेट पोर्ट १०० चा असतो आणि त्यातून ९४ च्या वर डेटा निघत नाही. तिथे गिगाबिट पोर्टचं मॉडेल लागतं. वेग ९ च्या घरात अडला असेल तर पोर्ट १० वर उतरलाय. अशा वेळी गच्चीवर जाऊन केबलचा आरजे-४५ कनेक्टर हातात घ्या. एखादी तार पूर्ण आत गेलेली नसते, किंवा उन्हाने तडकलेल्या आवरणातून शिरलेल्या पाण्याने आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढलेला असतो. केबलच्या टोकाची तार नखाने खरवडा. लालसर तांब्याखाली चंदेरी दिसलं तर ते ॲल्युमिनियमवरचं मुलाम्याचं तांबं. रेडिओला वीजही याच केबलमधून जाते, आणि अशी केबल साठ-सत्तर मीटर ओढली की वरपर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत. मग रेडिओ जास्त डेटा मागितला की रीबूट होतो आणि लोक हवामानाला दोष देतात.

हवामानाचा दोष खरं तर थोडाच. ५.८ गिगाहर्ट्‌झला मुसळधार पावसातही २० किलोमीटरवर किरकोळ डेसिबल जातात, आणि नगर तर पर्जन्यछायेत. पावसात लिंक पडत असेल तर पाऊस कनेक्टरमध्ये शोधा. जास्त त्रास वळवाच्या आधीच्या वावटळीचा, कारण मास्ट दोन अंश पिळला तरी झोत सरकतो. तीन दिशांना ताण-तारा हव्यातच. दुसरा त्रास थंडीतल्या पहाटेचा. जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा साचली की लहरी वेगळ्या वाकतात आणि सिग्नल तासभर डोलत राहतो. त्यासाठी कागदावर दहा-पंधरा डेसिबलची शिल्लक ठेवलेली असावी. आपल्या उदाहरणात ती नाही, तेव्हा अशा पहाटे लिंक वेग उतरवून चालेल हे आधीच धरून चला. मधे पाण्याने भरलेली उसाची सपाट रानं असतील तर त्यांच्यावरून परतलेली लहर सरळ आलेलीला मारते. डिश दोन मीटर खाली-वर करून पाहा. कधी कधी खाली आणल्यावर सिग्नल वाढतो.

मोजणी मोबाइलवरच्या स्पीड टेस्टने करू नये. त्यात पुढचं सगळं इंटरनेट मिसळलेलं असतं. दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून मध्ये फक्त लिंक ठेवा आणि आयपर्फ हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवा, प्रत्येक दिशेला मिनिटभर, मग दोन्ही दिशांना एकदम. हवेत एका वेळी एकच टोक बोलतं, म्हणून दोन्ही दिशांची बेरीज पाहायची. रेडिओच्या आतली टेस्ट त्याचा स्वतःचा प्रोसेसर खाते आणि कमी आकडा दाखवते. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही पाहा : यूडीपीला १०० आणि टीसीपीला ३० येत असतील तर पाकिटं गळताहेत. टीसीपी दर गळतीला लगेच हात आखडता घेतं. गोंगाटाकडे परत जा.

आणि जे आकडे आले ते रेडिओच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा : तारीख, दोन्ही चेनचा सिग्नल, गोंगाट, चॅनेल, दोन्ही दिशांचा वेग. पुढच्या वर्षी तक्रार आली की हेच आधी बघायचं. एकाच चेनचा सिग्नल घसरलाय, तर पाणी. दोन्हींचा घसरलाय, तर मास्ट हललाय किंवा निलगिरी वाढलीय. सिग्नल तोच आणि गोंगाट वाढलाय, तर शेजारच्या गच्चीवर नवी डिश आलीय, चॅनेल बदला. सगळे आकडे जसेच्या तसे आणि तरी वेग नाही, तर जिना चढून जा आणि आरजे-४५ पुन्हा क्रिम्प करा.